महामारी आणि मागे उरलेला माणूस

प्रश्न: करोनाच्या दिवसांत काम्यूची ‘प्लेग’ पुन्हा वाचली. ती अल्जीरियातल्या ओरान शहरात घडते. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. खुद्द अरबी लेखकांनी साथीच्या रोगांबद्दल काय लिहिलं आहे? आणि २०२०नंतर तिकडे ‘करोना-कादंबरी’ म्हणावी असं काही आलं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: आलं की! जरा घाईनेच आलं, आणि माझ्या मते तिथेच त्याचं थोडं बिनसलं. पण करोनाकडे वळण्याआधी शंभरेक वर्षं मागे जाऊ या, कारण अरबी गद्याची साथीशी ओळख फार जुनी आहे आणि त्या ओळखीला स्वतःचं एक वळण आहे. रोग कसा पसरला, कोण कसं तडफडलं, यात अरबी कादंबरीकार फार रमत नाहीत. त्यांचा डोळा असतो जो जगला त्याच्यावर. हा कसा वाचला? आणि वाचल्यावर, मेलेल्यांच्या मागे जे उरलं त्याचं याने काय केलं?

सुरुवात ताहा हुसेन यांच्यापासून करू. आधुनिक अरबी गद्याचा हा मोठा माणूस १८८९मध्ये नाईलकाठच्या मघाघा गावाजवळ जन्मला. लहानपणी डोळे आले, गावच्या न्हाव्याने आपल्या पद्धतीने उपचार केले आणि दृष्टी गेली. त्यांच्या आत्मकथेचा पहिला भाग, ‘अल-अय्याम’ म्हणजे ‘दिवस’, १९२९मध्ये पुस्तकरूपात आला. त्याच्या शेवटाकडे १९०२ सालच्या पटकीचं प्रकरण आहे. ही साथ हजहून परतलेल्या यात्रेकरूंमागून इजिप्तमध्ये शिरली, अस्यूतजवळच्या मूशा गावात पहिल्यांदा दिसली आणि बघता बघता देशभर पसरली. ताहांचा अठरा वर्षांचा भाऊ डॉक्टर होणार होता. कैरोच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळालेला, सुट्टीत घरी आलेला. पोरगा उत्साही. गावच्या डॉक्टरच्या हाताखाली रोगी बघायला जाऊ लागला. एका संध्याकाळी हसत घरी आला आणि आईला म्हणाला, आता साथ ओसरतेय. त्याच रात्री त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या.

पुढचं सगळं एका आंधळ्या मुलाच्या कानांनी टिपलेलं आहे. धावपळीचे आवाज, आईचं पुटपुटणं, दिवसभर कण्हणं आणि मग ते कण्हणंही थांबणं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं पान. मुलगा विचार करतो, की शहरात शिकणाऱ्या भावाने नमाज कुठली नेमाने पढली असणार, रोजे कुठले धरले असणार. त्याचा हिशेब आता कोण चुकता करणार? मग हा दिवसाला दहा नमाज पढू लागतो, पाच स्वतःच्या आणि पाच भावाच्या. वर्षाला दोन महिने रोजे धरायचं ठरवतो. घासातला घास भावाच्या नावाने गरिबांना देतो. घरात कुणाला पत्ता लागू देत नाही. अझहरमध्ये शिकायला कैरोला जाईपर्यंत हे असंच चालतं. आणि हे सगळं लेखक ‘मी’ म्हणून सांगतच नाही, ‘तो मुलगा’ म्हणून सांगतो. दुःखाला दोन हात लांब धरायची ही रीत पुढच्या कित्येक अरबी लेखकांनी उचलली. साथीत वाचलेल्याच्या डोक्यावर बसणारं ओझं इतक्या थोड्या ओळींत मांडलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

ताहांचा मुलगा ऋण फेडतो. नजीब महफूझ यांचा नायक काय करतो ते बघा.

‘हराफीश’ ही महफूझांची कादंबरी १९७७ची. हराफीश म्हणजे कैरोच्या गल्लीतली फाटकी, कष्टकरी माणसं. गल्लीत साथ येते. आशूर हा धिप्पाड, भोळा गाडीवान. त्याला स्वप्न पडतं, की निघ इथून. पहिली बायको आणि तिची मुलं यायला तयार होत नाहीत. मग तो दुसरी बायको फुल्ला आणि तान्ह्या पोराला घेऊन ओसाड डोंगराकडे निघून जातो. काही महिन्यांनी परततो तर गल्लीत चिटपाखरू नाही. घरं उघडी, दारं वाऱ्यावर आपटताहेत. हिंडत हिंडत तो गल्लीतल्या सर्वांत श्रीमंत माणसाच्या, बन्नानच्या हवेलीशी येतो. दार लोटतो आणि आत जातो. आधी नुसतं बघायला म्हणून. मग राहायलाच.

इथून महफूझ खरे खुलतात. आशूर चोर नाही. तो त्या पैशातून गल्ली पुन्हा वसवतो, नव्याने येणाऱ्या गरिबांना आसरा देतो, दान करतो. लोक त्याला ‘नाजी’, म्हणजे वाचलेला, म्हणू लागतात आणि ते त्याचं आडनावच होऊन बसतं. पण एक दिवस सरकारी माणूस येऊन विचारतो, हवेलीची कागदपत्रं कुठे आहेत? कागद कुठून असणार! आशूर तुरुंगात जातो. सुटून येतो तेव्हा गल्ली त्याला डोक्यावर घेते, आणि त्याचं घराणं पुढच्या नऊ गोष्टींत पिढ्यान्‌पिढ्या त्याच पहिल्या पुण्याईवर आणि त्याच पहिल्या घुसखोरीवर जगतं, भांडतं, सडतं. त्या घराण्याचं मूळ एका साथीत आहे. साथीचा रोग स्वतः मोजक्या पानांत आटोपतो. कुणी मालक नसलेल्या हवेलीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र चारशे पानं पुरतो.

महफूझांनी हे हवेतून काढलेलं नाही. कैरोत किल्ल्याच्या पायथ्याशी सुलतान हसनची प्रचंड मशीद आहे. तिचं बांधकाम १३५६मध्ये सुरू झालं, म्हणजे १३४८-४९च्या मोठ्या प्लेगनंतर आठेक वर्षांनी. साथीत कुटुंबंच्या कुटुंबं बुडाली, वारस उरले नाहीत आणि त्यांची मालमत्ता सरकारी खजिन्यात जमा झाली. त्याच पैशावर ही मशीद उभी राहिली, असं इतिहासकार सांगतात. आजही पर्यटक मान वर करून तिच्या भिंती बघतात. रीम बसिऊनी या आजच्या इजिप्शियन लेखिकेने २०१८च्या आपल्या मामलुककालीन कादंबरी-त्रयीत याच मशिदीच्या बांधकामाला जागा दिली आहे. जुना विषय अजून शिळा झालेला नाही.

आता गमाल अल-गितानी. त्यांची ‘जाफरानी गल्लीची हकिकत’ १९७६ची, आणि आज वाचली तर करोनावरची वाटावी. फक्त रोग भलता आहे. कैरोच्या एका गल्लीतले पुरुष एकेक करून नपुंसक होऊ लागतात. जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या शेख अतिय्याने म्हणे मंत्र घातलाय. गल्लीबाहेरच्यांना धास्ती, की ही लागण आपल्यालाही होईल. मग शेख फर्मानं काढू लागतो. झोपायचं कधी, उठायचं कधी, खायचं काय. गंमत अशी, की कादंबरी लिहिली आहे सरकारी टिपणांच्या आणि पोलिसी अहवालांच्या थाटात: अमुक रहिवासी, वय, धंदा, त्याच्याबद्दल मिळालेली माहिती. २०२०मध्ये आपल्या सोसायट्यांच्या फाटकांवर लागलेल्या नोटिसा आठवा. घाबरलेला समाज कुठलंही फर्मान किती मुकाट्याने पाळू लागतो, हे गितानींनी चव्वेचाळीस वर्षं आधी, हसत हसत लिहून ठेवलं होतं. नासर आणि सादात यांच्या राज्यात पाळतीची भीती काय असते ते या माणसाने भोगलं होतं, स्वतः तुरुंगात जाऊन आले होते. त्यामुळे त्यांना रोगापेक्षा अहवाल लिहिणारा जास्त भयंकर वाटला यात नवल नाही.

सुदानी लेखक अमीर ताज अस-सिर यांचं वेगळंच. हे स्वतः डॉक्टर, कतारमध्ये वास्तव्य, आणि थोर सुदानी कादंबरीकार तय्यिब सालिह यांचे भाचे. त्यांची ‘इबोला ७६’ ही छोटेखानी कादंबरी २०१२ची. पाया खऱ्या घटनेचा आहे. १९७६मध्ये दक्षिण सुदानच्या न्झारा गावात, कापसाच्या कारखान्यातल्या कामगारांपासून इबोलाची साथ सुरू झाली. सुदानात २८४ जणांना लागण झाली आणि १५१ दगावले. कादंबरीतला कारखान्याचा कामगार लुईस नावा आपल्या मेलेल्या प्रेयसीची कबर बघायला सीमेपार किन्शासाला जातो आणि येताना विषाणू घेऊन येतो. इथे विषाणू हेच एक पात्र आहे. तो दबा धरून बसतो, माणसं निवडतो, खूश होतो. वाचताना हसू येतं आणि हसल्याची लाज वाटते. डॉक्टरने लिहिलेली कादंबरी इतकी थट्टेखोर कशी, असं विचारणारे आहेत. मला वाटतं डॉक्टर होते म्हणूनच ते जमलं. वॉर्डात रात्रपाळी केलेल्या माणसाला हसण्याची गरज कळते. आणि इथेही शेवटी नजर जाते ती रोगात वाचलेल्यांकडे आणि कारखान्याच्या मालकाकडे, ज्याला धागा निघत राहायला हवा असतो.

आता करोना. अल्जीरियाचे वासिनी लाअरज हे अरबीतले ज्येष्ठ, लोकप्रिय कादंबरीकार. २०२०च्या टाळेबंदीत त्यांनी ‘लैलियात रमादा’ ही कादंबरी फेसबुकवर हप्त्याहप्त्याने लिहायला घेतली. वाचक खाली लिहायचे, लेखक पुढचा भाग रचायचा. पुढच्या वर्षी बैरुतच्या दार अल-आदाबने ती दोन खंडांत काढली. शहराचं नावच कोविलँड. रमादा ही तरुण डॉक्टर आपल्या दूर असलेल्या संगीतकार प्रियकराला पत्रं लिहिते, आणि त्या पत्रांतून रुग्णालय, बाप, नवरा, समाज असं सगळं बाहेर येतं. कल्पना छान, भाषा लाअरज यांची नेहमीची, गाण्यासारखी वाहणारी. पण हप्त्याने लिहिल्याच्या खुणा जागोजागी दिसतात. दर आठवड्याला वाचकाला रडवायचं तर लेखकाला आवाज चढता ठेवावा लागतो. दोन खंड वाचून झाल्यावर ध्यानात राहते ती रमादाच्या घरातली घुसमट, आणि ती करोनाच्या आधीपासूनच होती. एका अर्थी हेही खरंच आहे म्हणा. टाळेबंदीने बायकांच्या आयुष्यात नवं फारसं आणलं नाही, जे होतं त्यालाच बाहेरून कडी घातली.

एक नाव समीक्षकांच्या यादीत सापडत नाही, पण घ्यायलाच हवं. अहमद खालिद तौफीक, तांता विद्यापीठातले डॉक्टर. खिशात मावणाऱ्या स्वस्त कादंबरिका त्यांनी ढिगाने लिहिल्या. त्यातली ‘सफारी’ मालिका कॅमेरूनमधल्या एका वैद्यकीय पथकातल्या तरुण इजिप्शियन डॉक्टरभोवती फिरते आणि तिच्यात साथी, विषाणू, उष्णप्रदेशातले रोग यांची रेलचेल आहे. २०१८मध्ये ते वारले तेव्हा अरबी तरुणाई हळहळली. करोना आला तेव्हा ज्या तिशीतल्या अरबांना विषाणू म्हणजे काय, लागण कशी होते हे आधीच ठाऊक होतं, त्यातल्या पुष्कळांनी ते शाळेच्या दप्तरात लपवलेल्या तौफीकांकडून शिकलेलं होतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांना साहित्याच्या इतिहासात जेवढी जागा मिळते, तेवढीच तिकडे यांना.

आणि २०२०मधल्या अरबी वास्तवाची एक बाजू अजून कादंबरीत नीट आलेली नाही, असं माझं मत आहे. ती म्हणजे दफन. त्या वर्षी एप्रिलमध्ये इजिप्तच्या दकहलिया प्रांतात शुब्रा अल-बह्व गावाच्या लोकांनी करोनाने गेलेल्या एका डॉक्टर बाईंचा मृतदेह गावच्या कबरस्तानात येऊ दिला नाही. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. इराकमध्ये नजफजवळ करोनाच्या मृतांसाठी वाळवंटात वेगळं कबरस्तान काढावं लागलं, आणि स्वयंसेवक पांढऱ्या कपड्यांत, मुखवटे लावून अंत्यविधी करत होते. इस्लाममध्ये मय्यतीला आंघोळ घालण्याचा विधी जिवंतांनी मेलेल्यांना द्यायचा शेवटचा हक्क आहे. तोच हिरावला गेला. यावर लिहिलेली चांगली कादंबरी करोनापूर्वीचीच आहे. सिनान अंतून या इराकी लेखकाने २०१०मध्ये बगदादमधल्या मय्यत धुणाऱ्याच्या मुलाची गोष्ट लिहिली. पोराला शिल्पकार व्हायचंय, पण युद्ध इतकी प्रेतं पाठवतं, की बापाचा धंदा सुटत नाही. अंगणात एक डाळिंबाचं झाड आहे आणि मय्यत धुतलेलं पाणी त्याच्या मुळाशी जातं. साथीवरची म्हणून ती कुणी गणत नाही. मी गणतो.

प्रश्न: वरच्या प्रश्नाला जोडूनच. काम्यूच्या कादंबरीत अरब माणसं का दिसत नाहीत?
— नागपूरहून

उत्तर: कारण काम्यू ज्या ओरानमध्ये वावरले ते युरोपीय वस्तीचं ओरान होतं. १९४७च्या या कादंबरीत रँबेर नावाचा पत्रकार येतो, अरबांच्या राहणीमानाची पाहणी करायला. डॉक्टर त्याला विचारतो, सगळं खरं छापाल का? तो नाही म्हणतो, आणि विषय संपतो. पुढे शहराच्या वेशी बंद होतात, माणसं शेकड्यांनी मरतात, पण नावानिशी अरब मेलेला दिसत नाही. ओरानने १८४९मध्ये पटकीची खरीखुरी भयंकर साथ पाहिली होती, आणि अल्जीरियात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टायफसने अरब वस्त्या झोडपल्या होत्या. काम्यूंना हे माहीत होतं. अल्जीरियन वाचकांना ही कादंबरी आवडते आणि टोचतेही. पण ती अरबी वाङ्‌मयात मोजायची नाही, फ्रेंचमध्येच मोजायची. तिला उत्तर द्यायचा मोह ज्यांना झाला, तेही बहुधा फ्रेंचमध्येच लिहितात. ओरानमध्ये पत्रकारिता केलेल्या कामेल दाऊद यांनी २०१३मध्ये काम्यूच्या दुसऱ्या कादंबरीतल्या बिननावाच्या मृत अरबाला नाव दिलं, भाऊ दिला. ‘प्लेग’मधले अरब तसेच बिननावाचे राहिले आहेत.

प्रश्न: जुन्या अरबी ग्रंथांत प्लेगबद्दल लिहिलेलं सापडतं का? गर्दी करू नये, अंतर ठेवावं असं तेव्हा कुणी म्हणत होतं का?
— सोलापूरहून

उत्तर: भरपूर सापडतं, आणि करोनाच्या दिवसांत ते अरबी फोनांवर फिरतही होतं. अलेप्पोचे इब्न अल-वर्दी यांनी १३४८-४९च्या प्लेगवर एक छोटं पत्र-प्रकरण लिहिलं, यमकांनी खुळखुळणाऱ्या गद्यात. त्यात प्लेग हा एखाद्या स्वारी करत निघालेल्या राजासारखा एकेक देश घेत येतो. चीन, हिंद, सिंध सगळीकडून तो अलेप्पोच्या दाराशी पोचतो. आपल्याकडच्या मरीआईच्या गाड्याची आठवण व्हावी. १३४९मध्ये त्याच प्लेगने इब्न अल-वर्दी स्वतः गेले. अमीर ताज अस-सिर यांचा खट्याळ विषाणू आकाशातून पडलेला नाही हे इथे कळतं.

इब्न खल्दून तेव्हा ट्युनिसमध्ये सतराएक वर्षांचे होते. आई, वडील आणि बरेचसे गुरू त्या साथीत गेले. समाज कसे उभे राहतात आणि कसे ढासळतात यावर त्यांनी पुढे जे काही मांडलं, त्यामागे ते ओस पडलेलं ट्युनिस आहेच.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कैरोच्या इब्न हजर अल-अस्कलानींकडे आहे. हे मोठे धर्मशास्त्री. त्यांच्या तीन मुली प्लेगने गेल्या. त्यांनी प्लेगवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात धर्मशास्त्र आहे, हदीस आहेत, आणि मध्येच एक नोंद अशी येते, की वाचणारा दचकतो. १४३०च्या सुमाराच्या साथीत कैरोत रोज चाळिसाच्या आत माणसं मरत होती. मग लोकांनी तीन दिवस उपास केले आणि शहराबाहेर वाळवंटात जमून सामुदायिक प्रार्थना केली. महिना संपेपर्यंत रोजचे मृत्यू हजाराच्या वर गेले. इब्न हजर सूक्ष्मजंतूंबद्दल काही म्हणत नाहीत, म्हणणं शक्यही नव्हतं. ते फक्त आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहितात. मार्च २०२०मध्ये कुवेतच्या मशिदींतून अजानमध्येच ‘घरी नमाज पढा’ असं सांगितलं जाऊ लागलं, तेव्हा हा सहाशे वर्षांपूर्वीचा उतारा लोकांनी पुन्हा बाहेर काढला.

तुलनेला प्रवासी इब्न बतूता. तो १३४८मध्ये दमास्कसला होता. तिथे मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन अनवाणी मिरवणुकीने निघाले, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे देवाने त्यांची हाक ऐकली. प्रवासी चांगल्या गोष्टी सांगतो, बाप आकडे लिहितो. मला विचाराल तर माझा विश्वास बापावर.

प्रश्न: आमच्या कोकणातली जुनी माणसं मुंबईहून बोटीने हजला जायची. वाटेत ‘कामरान’ला उतरवून ठेवत, असं आजोबा सांगायचे. याचा अरबी साहित्याशी काही संबंध?
— श्रीवर्धनहून

उत्तर: आहे, आडून. कामरान हे तांबड्या समुद्रातलं येमेनजवळचं बेट. १८८२मध्ये तुर्की सरकारने तिथे विलगीकरणाचं ठाणं उघडलं, ते मुख्यतः हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी. १८६५मध्ये मक्केत पटकीने हजारो यात्रेकरू दगावले होते आणि तिथून साथ इजिप्तमार्गे युरोपात पोचली होती. तेव्हापासून सगळ्या युरोपीय सरकारांची नजर मुंबईच्या बोटींवर. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी इथून हजला जाणंच काही काळ बंद झालं. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी कामरानवर कपडे धुऊन-वाफवून घेणं, रांगेत उभं राहणं, तंबूत दिवस काढणं हे सगळं सोसलं असणार.

इजिप्तच्या यात्रेकरूंसाठी परतीच्या वाटेवर असंच ठाणं सिनाईच्या किनाऱ्यावर तूर गावी होतं. पटकीच्या जंतूच्या एका प्रकाराला ‘एल तोर’ म्हणतात तो याच गावामुळे. १९०५मध्ये तिथल्या यात्रेकरूंमध्ये तो पहिल्यांदा वेगळा ओळखला गेला. इब्राहीम रिफअत पाशा हे हजच्या इजिप्शियन काफिल्याचे लष्करी अधिकारी. त्यांनी १९२५मध्ये आपल्या हज-प्रवासांचं जाडजूड, छायाचित्रांनी भरलेलं वर्णन छापलं. त्या काळच्या अरबी प्रवासवर्णनांत तूरच्या विलगीकरणाचा जाच, तिथल्या कारकुनांची अरेरावी, पाण्याचे हाल हे नेहमीचे विषय असतात. अरबी गद्यात क्वारंटाइन आधी प्रवासवर्णनातून आलं, कादंबरीत फार नंतर. आणि १९०२ला हजहून परतणाऱ्यांमागून आलेली पटकी हीच ताहा हुसेनांच्या घरात शिरली, हे वर आलंच आहे.

प्रश्न: अरब म्हणजे कवितावेडे. साथीवर कविता आधी आली की गद्य?
— कोल्हापूरहून

उत्तर: एका साथीपुरतं सांगायचं तर कविता, आणि तिने कवितेचंच रूप पालटलं. १९४७मध्ये इजिप्तमध्ये पटकी आली. रेडिओवर मृतांचे आकडे ऐकून बगदादमध्ये नाझिक अल-मलाइका या तरुण कवयित्रीने ‘अल-कोलेरा’ लिहिली. शोकाचा ठेका जुन्या वृत्ताच्या चौकटीत बसेना, म्हणून तिने ओळी लांब-आखूड केल्या. अरबी मुक्तछंद इथून सुरू झाला असा तिचा दावा. बद्र शाकिर अस-सय्याब यांचा दावा वेगळा, आणि त्या भांडणावर अरबी समीक्षकांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्याच साथीवर आंद्रे शेदिद यांनी १९६०मध्ये ‘सहावा दिवस’ ही कादंबरी लिहिली: पटकी झालेल्या नातवाला लपवून नाईलमधून होडीने घेऊन जाणारी आजी. लेखिका कैरोत वाढलेल्या, भाषा मात्र फ्रेंच. १९८६मध्ये युसुफ शाहीन यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

प्रश्न: यातलं एखादं पुस्तक वाचायचं झालं तर कुठून सुरू करू? वेळ कमी असतो.
— पुण्याहून

उत्तर: ‘अल-अय्याम’चा पहिला भाग. इंग्रजीत १९३२पासून आहे, दीडशेच्या आसपास पानं, दोन बैठकींत होतो. मग ‘इबोला ७६’, तीही लहान आहे. गितानी वाचताना पात्रांची नावं एका कागदावर टिपून ठेवा, नाहीतर गल्लीत हरवाल. ‘हराफीश’ दिवाळीच्या सुट्टीत घ्या आणि पहिली गोष्ट संपली की दोन दिवस थांबा. पुढच्या नऊ गोष्टी एका दमात वाचायच्या नाहीत. लाअरज यांचे दोन खंड निवृत्तीनंतर वाचले तरी चालतील.